पेटी न उघडतां

परगांवाहून आलेल्या माणसाची ट्रंक जकातनाक्यावर उघडावयास लावण्याचा प्रकार आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस चांगला परिचयाचा आहे. दोरी सोडावयाची, कुलूप काढावयाचें, घडी केलेलीं लुगडीं आणि मुलांसाठीं घेतलेलीं खेळणीं चारचौघांसमोर मांडावयाचीं, आणि नाकेदारानें मान हलवितांच तोच पसारा पुन्हां त्याच ट्रंकेंत कोंबावयाचा. तो पहिल्यासारखा मावत नाहीं, हाही अनुभव सार्वत्रिकच! मुंबई शहराची जकात सन २०१७ मध्यें बंद झाली आणि ते नाके इतिहासजमा झाले. परंतु राष्ट्राराष्ट्रांच्या सीमेवरील नाके मात्र आहेत तेथेंच आहेत, किंबहुना पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक गजबजलेले आहेत. तेथें येणारी पेटी ट्रंकेएवढी नसते. तें चाळीस-पन्नास फूट लांबीचें, मालानें खच्चून भरलेलें लोखंडी खोकें असतें. तें न उघडतां आंत काय आहे हें पाहण्याची विद्या मानवानें हस्तगत केली, त्यासही आतां बराच काळ लोटला. तरीही नाकेदाराचें काम सोपें झालेलें नाहीं. तें कां, हेंच येथें पाहावयाचें आहे.

जर्मनींतील वुर्त्सबर्ग येथील प्राध्यापक राँटजेन यांस नोव्हेंबर १८९५ मध्यें एका अपरिचित किरणाचा शोध लागला. गणितांत अज्ञात राशीस जें अक्षर योजितात तेंच त्यांनीं या किरणास दिलें आणि आपण त्यास क्ष-किरण म्हणूं लागलों. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें छायाचित्र घेतलें. त्यांत बोटांचीं हाडें आणि बोटांतली अंगठी एवढेंच काय तें ठळक उमटलें. डॉक्टरांनीं हा शोध तत्काळ उचलला हें सर्वश्रुत आहे. जकातखातेंही फारसें मागें नव्हतें, हें मात्र थोड्यांस ठाऊक असेल. अवघ्या दोन वर्षांत, सन १८९७ मध्यें, फ्रेंच जकात-अधिकाऱ्यांनीं पॅरिसच्या उत्तर स्थानकावर प्रवाशांच्या सामानावर या किरणांचे प्रयोग करून पाहिले. ज्यास कांहीं लपवावयाचें आहे आणि ज्यास तें शोधावयाचें आहे, त्या दोघांसही नव्या विद्येची बातमी सर्वांच्या आधीं लागते, असें दिसतें.

आज या विद्येची खरी कसोटी लागत आहे ती अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें आणि मेक्सिको यांमधील सीमेवर. ही सीमा ३,१०० किलोमीटरांहूनही लांब आहे. टोमॅटो, मोटारींचे सुटे भाग, दूरचित्रवाणीचे संच असा नानाविध माल भरलेल्या मालमोटारींची तेथें रोज रीघ लागते. एकट्या लारेडो येथील नाक्यावरून सन २०२३ मध्यें २५ लक्षांहून अधिक मालमोटारी उत्तरेकडे गेल्या. या रिघेंतच मिसळून एक जिन्नस येतो. त्याचें नांव फेंटॅनिल. हें मुळांत रुग्णालयांतलें औषध. शस्त्रक्रियेच्या वेळीं वेदना शमविण्यासाठीं डॉक्टर तें मोजूनमापून देतात. मॉर्फीनहून तें पन्नास ते शंभर पट तीव्र असतें, आणि दोन मिलिग्रॅम, म्हणजे टांचणीच्या टोंकावर राहील एवढी पूडही, माणसाचा प्राण घेऊं शकते. चोरट्या व्यापाऱ्यास असला माल सोन्याहून सोयीचा; कारण तो थोडक्या जागेंत मावतो. अमेरिकेंत सन २०२२ या एका वर्षांत अमली पदार्थांच्या अतिसेवनानें १ लाखाहून अधिक माणसें मेलीं. त्यांपैकीं ७० हजारांहून अधिक मृत्यूंस फेंटॅनिल आणि त्याच्या जातीचे कृत्रिम पदार्थ कारण होते.

ता. २६ जानेवारी २०१९ रोजीं, शनिवारीं, ॲरिझोना संस्थानांतील नोगालेस येथील नाक्यावर काकड्या भरलेली एक मालमोटार आली. कागदपत्रांत काकड्या होत्या आणि गाडींतही काकड्याच होत्या. परंतु किरणांनीं घेतलेल्या चित्रांत अधिकाऱ्यांस कांहीं विसंगति दिसली. गाडी बाजूस घेण्यांत आली. हुंगणाऱ्या कुत्र्यानें संशय पक्का केला, आणि गाडीच्या तळाशीं केलेला चोरकप्पा उघडतांच त्यांतून सुमारें ११५ किलो फेंटॅनिल आणि १७९ किलो मेथॲम्फेटामीन बाहेर आलें. अमेरिकन जकातखात्यानें तोंवर पकडलेला फेंटॅनिलचा हा सर्वांत मोठा सांठा होता. दोन मिलिग्रॅमचा हिशेब शाळकरी मुलासही करतां येईल. माल शुद्ध असता, तर तो पावणेसहा कोटी माणसांस पुरला असता.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. किरणानें विष पाहिलें नाहीं. त्यानें केवळ सावली पाहिली, आणि ती जेथें असावयास नको होती तेथें होती. या विद्येचें सामर्थ्यही एवढेंच आणि मर्यादाही हीच.

दवाखान्यांतील क्ष-किरण माणसाच्या देहापुरते असतात. लोखंडी खोक्यापुढें त्यांचें कांहीं चालत नाहीं. म्हणून नाक्यावरील मोठ्या यंत्रांत विद्युत्कणांस प्रचंड वेग देऊन साठ ते नव्वद लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचे किरण निर्माण करितात. ते तीस सेंटिमीटर जाडीचें पोलादही भेदून जातात. हे किरण सगळीकडे पसरूं न देतां एका उभ्या, अरुंद फटींतून सोडतात. पलीकडच्या बाजूस ग्राहकयंत्रांची एक उंच रांग असते. गाडी त्या फटीसमोरून सरकते, किंवा गाडी उभी राहते आणि यंत्रच तिच्यावरून सरकतें. प्रत्येक क्षणीं चित्राचा एकच उभा धागा मिळतो, आणि हातमागावर धाग्याशीं धागा बसून लुगडें व्हावें तसें गाडीचें सबंध चित्र पडद्यावर विणलें जातें. कांहीं यंत्रांत क्ष-किरणांऐवजीं कोबाल्ट या धातूच्या किरणोत्सर्गी प्रकारांतून निघणारे गॅमा किरण वापरतात. तीं यंत्रें आटोपशीर असतात. परंतु क्ष-किरणाचें यंत्र बटण दाबून बंद करितां येतें, कोबाल्टास बंद करितां येत नाहीं. त्यास जाड आवरणांत कोंडून दार तेवढें लावावें लागतें, आणि दर सव्वापांच वर्षांनीं त्याचें तेज निम्म्यावर येतें.

तिसरी एक रीत आहे, आणि ती अधिक मनोरंजक आहे. तींत किरण आरपार जाण्याची वाट पाहत नाहींत. वस्तूवर आदळून जे उलट फिरतात तेच टिपतात. धुक्यांत कंदील धरला म्हणजे पुढचें कांहीं दिसत नाहीं, धुकेंच पांढरें दिसूं लागतें, त्यांतलाच हा प्रकार. कर्ब, हायड्रोजन यांसारख्या हलक्या मूलद्रव्यांच्या वस्तू किरणांस अधिक उलटवितात. त्यामुळें दाराच्या पत्र्याआड किंवा टायरांत दडविलेल्या अमली पदार्थाच्या पुड्या या चित्रांत पांढऱ्याशुभ्र उठून दिसतात. चोरानें निवडलेली काळोखी जागाच येथें उजळते. मात्र हे किरण फार खोल जात नाहींत. गाडीच्या मध्यभागीं, बटाट्यांच्या पोत्यांमागें काय आहे तें यांस दिसत नाहीं.

आतां किरण जें पाहूं शकत नाहीं त्याचें उदाहरण. त्यासाठीं अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं; मुंबई बंदरापलीकडील न्हावा-शेवा पुरेसें आहे. सन २०२२ च्या सप्टेंबरांत दिल्ली पोलिसांनीं तेथें एका कंटेनरांतून सुमारें २२ टन ज्येष्ठमध जप्त केलें. घसा बसला कीं आजीबाई जी काडी चघळावयास देते, तेंच हें ज्येष्ठमध. या काड्यांवर हेरॉइनचा लेप दिलेला होता! चोरकप्पा नाहीं, पुडी नाहीं, जाडींत फरक नाहीं. काडीची सावली काडीचीच पडावयाची. असला माल सांपडतो तो आधीं कोणीतरी दिलेल्या खबरीमुळें, किंवा रसायनशास्त्रज्ञाच्या परीक्षानळींत. याच्या उलट टोंकाचें उदाहरण केळ्यांचें. कित्येक नाक्यांवर अणुद्रव्याची चोरटी वाहतूक पकडण्यासाठीं नुसते कान टवकारून बसलेले खांब असतात. ते स्वतः किरण सोडीत नाहींत, येणारे मोजतात. केळ्यांत पोटॅशियम असतें, आणि पोटॅशियमाचा अल्पसा अंश निसर्गतःच किरणोत्सर्गी असतो. त्यामुळें केळ्यांनीं भरलेली निरुपद्रवी गाडीही या खांबांस ओरडावयास लावूं शकते. चिनी मातीचीं भांडीं आणि ग्रॅनाइटच्या लाद्या यांचाही हाच गुण.

तेव्हां अखेर सर्व भार येतो तो पडद्यासमोर बसलेल्या माणसावर. त्याच्या एका हातांत मालाची यादी, समोर चित्र. यादींत सिमेंटचीं पोतीं असतील तर चित्रांत एकसारखी करडी छाया हवी. त्यांत एक कोपरा फिका दिसला तरी तो खुपतो. टोमॅटोच्या पेट्यांच्या रांगा सारख्या हव्यात. पण घरसामानाची गाडी आली म्हणजे त्याची परीक्षा होते. पलंग, पंखे, पुस्तकें, कढया, सगळें एकावर एक पडलेलें, आणि त्यांतून नको तें ओळखावयाचें! दोन शक्तींचे किरण आळीपाळीनें सोडून धातु एका रंगांत आणि सेंद्रिय पदार्थ दुसऱ्या रंगांत दाखविण्याची सोय आतां झाली आहे, आणि हजारों चित्रांवर शिकविलेलीं गणकयंत्रें संशयाची जागा सुचवितात. तरी सेंद्रिय म्हणजे अफूच असें नव्हे; साखर, कणीक आणि साबणही सेंद्रियच.

या चित्रांत कधीं कधीं माणसेंही दिसतात, आणि येथें विषय एकदम गंभीर होतो. बेल्जमांतून इंग्लंडांतील डोव्हर बंदरास आलेली एक मालमोटार ता. १८ जून २००० रोजीं जकात-अधिकाऱ्यांनीं उघडली. कागदावर टोमॅटो होते. टोमॅटोंच्या मागें साठ चिनी माणसें होतीं. त्यांपैकीं अठ्ठावन गुदमरून मेलीं होतीं. गाडीची हवा येण्याची खिडकी बंद करण्यांत आली होती. अशा जिवंत मालाचा शोध प्रखर किरणांनीं घ्यावा काय, हा प्रश्न साहजिकच उठला; कारण आंत असलेल्या माणसाची संमति कोण विचारणार? फ्रान्सांतील कॅले बंदरांत म्हणून वेगळ्याही युक्त्या वापरतात. गाडीच्या ताडपत्रींतून नळी घालून आंतील हवेंत उच्छ्वासाचा कर्बवायु वाढला आहे काय तें पाहतात. गाडीस संवेदक लावून हृदयाच्या ठोक्यांनीं होणारा सूक्ष्म कंप मोजतात. श्वास आणि छातीचे ठोके यांवरून माणूस ओळखणें हें वैद्याचें काम नाकेदाराकडे आलें आहे.

हें सर्व खरें. मग प्रत्येकच गाडी कां तपासूं नये? असें कोणीही विचारील, आणि टेक्सस संस्थानाच्या गव्हर्नरांनीं एकदां तसें करूनही पाहिलें. सन २०२२ च्या एप्रिलांत, मध्यवर्ती सरकारचे जकात-अधिकारी ज्या गाड्या तपासून सोडीत, त्याच गाड्या संस्थानाच्या पोलिसांनीं पुन्हां तपासाव्या, असा हुकूम त्यांनीं काढला. या तपासणींत किरण नव्हते. शिपाई हातांनीं गाड्या पाहत. फळें व भाजीपाला जेथून मोठ्या प्रमाणावर येतो त्या फार येथील पुलावर मैलोगणती रांगा लागल्या. कांहीं गाड्या तीस-तीस तास खोळंबल्या. मेक्सिकन चालकांनीं चिडून पूल अडविला. अवोकाडो आणि इतर फळें-भाज्या गाड्यांतच नासूं लागल्या. आठवड्याभरांत हुकूम मागें घ्यावा लागला. चार हजारांहून अधिक गाड्या तपासल्या गेल्या. पण त्या तपासणींत अमली पदार्थ सांपडल्याची किंवा लपून आलेलीं माणसें आढळल्याची नोंद झाली नाहीं.

एकेक गाडी उघडून, माल उतरवून, पुन्हां भरावयास कित्येक तास लागतात. किरणांस कांहीं मिनिटें पुरतात. म्हणूनच यंत्रांचा सोस. तरीही मार्च २०२४ मध्यें अमेरिकन जकातखात्याच्या तत्कालीन प्रमुखांनीं जी माहिती दिली तींत सीमेवर येणाऱ्या खाजगी मोटारींपैकीं शेंकडा पांचांहून कमी आणि मालमोटारींपैकीं शेंकडा वीसच्या आसपास एवढ्यांचेंच चित्र घेतलें जात होतें. पकडल्या गेलेल्या फेंटॅनिलपैकीं बहुतेक सर्व या नाक्यांवरच सांपडतें, असें सरकारी आंकडे सांगतात. पण हा आंकडा पकडलेल्याचा आहे, निसटलेल्याचा नाहीं, हें विसरतां कामा नये. शिवाय त्याच वेळीं असेंही उघड झालें कीं, विकत घेतलेलीं कित्येक यंत्रें गोदामांत पडून होतीं. यंत्रें घेण्यास पैसा मंजूर झाला होता; तीं जमिनींत पक्कीं बसविण्यास लागणारे सुमारें तीस कोटी डॉलर कायदेमंडळानें दिले नव्हते. दुसऱ्यांच्या पेट्यांत डोकावणारीं हीं यंत्रें स्वतःच कुलपाआड राहिलीं.

जेथें तीं बसलीं, तेथें मात्र नाक्याची रीत बदलूं लागली. टेक्ससमधील ब्राउन्सव्हिल येथें नव्या तऱ्हेचें यंत्र प्रथम बसविण्यांत आलें. पूर्वीं अधिकाऱ्यास संशय आला तरच गाडी बाजूस घेऊन तिचें चित्र काढीत, आणि चालकास खालीं उतरून रेषेपलीकडे उभें राहावें लागे. येथें चालक उतरत नाहीं. गाडी कमानींतून सावकाश पुढें सरकते. चालक बसला आहे त्या भागावर अगदीं सौम्य किरण पडतात आणि तो भाग पुढें गेल्यावर मागील मालावर प्रखर किरण सुरू होतात. चित्र दूरच्या एका खोलींत जातें. गाडी तोंवर कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिडकीकडे निघालेली असते, आणि ती तेथें पोंचण्यापूर्वीं त्या खोलींतील माणसास चित्र पाहून सांगावें लागतें, हिला जाऊं द्यावें कीं थांबवावें. तें सांगतो न सांगतो तोंच मागची गाडी कमानींत शिरलेली असते.