चौथी ओळ
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली. व्याख्यान मला जमायचं नाही. एका गाण्याची हकीगत सांगते. गाणं इंग्रजी आहे, पण हकीगत परकी वाटायची नाही.

कॉनी कॉन्व्हर्स ही अमेरिकेतली बाई, जन्म १९२४ चा. कॉलेज अर्ध्यावर सोडून ती न्यूयॉर्कला आली. पोटासाठी नोकरी करी आणि घरी गिटार घेऊन स्वतःच गाणी रची, स्वतःच चाली लावी, स्वतःच म्हणे. ऐकायला चार स्नेही. १९५४ साली जीन डाइच या गृहस्थांनी आपल्या घरी ती गाणी टेपवर उतरवून घेतली. (आपली मुलं टॉम आणि जेरीची चित्रं पाहतात ना, त्यांतली काही यांचीच!) त्याच वर्षी ती एकदा टेलिव्हिजनवरही गायली. पण तबकडी काही निघाली नाही. १९६१ साली तिनं ते शहर सोडलं. पुढे एका अभ्यासपत्रिकेच्या कचेरीत काम केलं. गाणं मागं पडलं. ऑगस्ट १९७४ मध्ये आप्तेष्टांना पत्रं लिहून, मोटारीत सामान भरून ती निघून गेली, ती पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडली नाही.

तीस वर्षांनी, २००४ साली, म्हाताऱ्या डाइचनी तिचं ‘वन बाय वन’ हे गाणं न्यूयॉर्कच्या रेडिओवर वाजवलं. एका तरुण श्रोत्याच्या ते मनातून जाईना. त्यानं मित्राला हाताशी धरून खटपट केली आणि २००९ साली तिची गाणी प्रसिद्ध झाली.

नातीनं ते मला मोबाईलवर ऐकवलं. अंधारात जवळजवळ चालणारी, तरी एकएकटी माणसं, एवढाच विषय. आवाज साधा. रडगाणं मुळीच नाही. मी भाकरी थापत होते, तव्यावरची करपली.

आठवल्या त्या आमच्या सासूबाई. दळताना त्याही स्वतः रचून म्हणत. पाहुण्यांसमोर मीच एकदा म्हटलं होतं, “पुरे आता.” त्या गप्प झाल्या, त्या झाल्याच. आमच्याकडे टेप कुठली असायला! मला त्यांच्या एका गाण्याच्या तीनच ओळी येत होत्या. गेल्या महिन्यात वही घेऊन वन्संकडे गेले, तेव्हा त्यांना चौथी आठवली.

पाचवी धाकट्या जाऊबाईंना येत असेल. त्या समोरच बसल्या आहेत.