या, मोलगीत आपलं स्वागत आहे

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर, शहरांतून आलेले डॉक्टर आणि चित्रकार मंडळी, आणि माझ्या सातपुड्यातल्या भाऊ-बहिणींनो,

घाट चढताना ज्यांच्या पोटात ढवळलं, त्यांची आधी माफी मागतो.

बाहेर मोलगी ओळखतात ती भगर आणि आमचुरासाठी. उन्हाळ्यात या, जिथे तिथे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतील. पण आमचा खरा अभिमान शेजारच्या काठी गावचा. तिथलं मेवासी संस्थान गेलं, राजवाडी होळी राहिली. उंच बांबू उभा करायचा खड्डा माणसं हातांनी उकरतात, होळी पेटते पहाटे. आणि रात्रभर नाचणारे ते बावा-बुध्या! अंगावर राखेची पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं. बुध्या होतात ते नवसाने, आणि तो नवस घरच्यांच्या तब्येतीसाठीही बोललेला असतो. तो फेडणारा गडी खाटेवर झोपत नाही, कडक पाळणी पाळतो. अंगावरच्या त्या नक्षीतला ठिपका कसा देतात, हे मी तासभर सांगितलं असतं, पण सचिवांची चिठ्ठी आली आहे: 'विषयावर या.'

तर विषय, दवाखान्यात कला. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी 1984 साली दाखवलं, की खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. झाडं आमच्याकडे आहेत, खिडक्यांचं तुम्ही बघा. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याने दवाखाना कसा हवा, हे आधी आदिवासींनाच विचारलं. ते म्हणाले, पांढरं आम्ही मेलेल्याला गुंडाळतो, तुमचे डॉक्टर-नर्स तेच घालून फिरतात. मग बंगांच्या शोधग्रामात झोपड्यांचा दवाखाना झाला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा. त्याला नाव मिळालं तिथल्या आदिवासींच्या देवीचं, दंतेश्वरीचं. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर मोर काढायचा झाला, तर तो बुध्याला रंगवणाऱ्या हाताने काढावा, एवढाच माझा हट्ट. शहरातला मोर फार गुबगुबीत असतो.

आता उणिवा. उतारा शाळेच्या खोल्यांत आहे, गाद्या पातळ आहेत. आंघोळीचं गरम पाणी पहिल्या उठणाऱ्यालाच मिळेल. मोबाइलची रेंज हवी असेल, तर मंडपामागच्या टेकाडावर जावं, तिथे खुर्ची ठेवली आहे. वीज गेली तर घाबरू नका, जनरेटर आहे. तो देणाऱ्या दुकानदार भाऊंचे आभार. मंडपवाल्यांनी भाडं घेतलं नाही, भगरीचं पोतं बाजारातल्या व्यापाऱ्यांनी दिलं, बचत गटाच्या बायका पहाटेपासून चुलीपाशी आहेत, पोरांनी रात्री जागून खड्डे बुजवले. कुणाचं नाव राहिलं असेल, तर जेवताना माझ्याशी भांडावं. अध्यक्षमहाराजांनी सूत्रं हाती घ्यावीत, आणि भाषणं जरा आटोपशीर ठेवावीत. भगर गार झाली की घट्ट होते.