खिशातली पिस्तुले आणि जुनी सूचिपत्रे



शस्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार, भाला, फार तर ठासणीची बंदूक उभी राहते. माझा आजचा विषय त्या मानाने चिमुकला आहे. कोटाच्या खिशात मावणारे जुने पिस्तूल, आणि त्याची जन्मकथा शोधण्याचे साधन म्हणजे दुकानदारांची जुनी सूचिपत्रे.

शौर्याशी या वस्तूचा संबंध थोडा; भीतीशी फार. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराने ती विशेष नावारूपास आणली. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथने अध्यक्ष लिंकन यांच्यावर झाडले, ते पिस्तूल याच घडणीचे. लांबी सहा इंचांच्या आत, आणि गोळी एकच! डेरिंजरचे नाव चालते हे पाहून नकला करणारे पुढे सरसावले. त्यावरून कॅलिफोर्नियात खटला झाला आणि व्यापारचिन्हाच्या कायद्यात तो महत्त्वाचा ठरला. पुढे तर ‘डेरिंजर’ हे विशेषनाम सामान्यनाम होऊन बसले. तेव्हा पिस्तुलावर कोरलेल्या नावावर संग्राहकाने विसंबावे कसे?

१८६९ मध्ये ही अडचण आणखी वाढली. आरपार छिद्रे असलेल्या फिरत्या नळकांड्याचा एकाधिकार तोवर स्मिथ आणि वेसन यांच्याकडे होता. त्याची मुदत संपताच स्वस्त रिव्हॉल्व्हरांचा पूर लोटला. त्यांपैकी पुष्कळांवर कारखान्याचे नावच नसे. ‘डिफेंडर’, ‘रेड जॅकेट’ असे एखादे दिमाखदार बिरुद तेवढे असे.

येथे सूचिपत्र उपयोगी पडते. सिअर्स रोबकसारखी टपालाने माल धाडणारी दुकाने, जुने लष्करी सामान विकणारे न्यूयॉर्कचे बॅनरमन, लंडनची आर्मी अँड नेव्ही मंडळी, या सर्वांनी जाडजूड सूचिपत्रे काढली. या शेवटच्या मंडळींचे दुकान मुंबईतही होते; काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. सूचिपत्रात चित्र असते, नळीची लांबी असते, काडतुसाचे माप असते आणि किंमत असते. ओळीने निरनिराळ्या वर्षांची पत्रे ताडून पाहिली, की वस्तू बाजारात केव्हा आली आणि केव्हा गेली याचा अंदाज बांधता येतो.

रेमिंग्टनचे दुनळी पिस्तूल घ्या. १८६६ पासून १९३५ पर्यंत ते निघत होते. दीड लाखांच्या आसपास नग झाले. रूप जवळजवळ तेच. मग आपल्या हातातले कोणत्या काळातले? जुन्या नगांवर ‘ई. रेमिंग्टन अँड सन्स’ असे आहे. १८८८ मध्ये कारखाना दुसऱ्या मालकांकडे गेला आणि नाव बदलले. १९१२ च्या सुमारास काडतुसांच्या कंपनीशी जोड झाल्यावर ते पुन्हा बदलले. नळीवरचे नाव आणि सूचिपत्रातले पान यांची सांगड बसली, की निर्णय सोपा होतो.

मात्र सूचिपत्र म्हणजे वेदवाक्य नव्हे. छापखान्यातला एकच ठसा वर्षानुवर्षे वापरीत. माल बदलला तरी चित्र तेच राही. शिवाय पत्रात छापले म्हणजे खपले असे होत नाही.

तरीही या कोरड्या पानांचे मोल मी मोठे मानतो, कारण ती आपल्याला खोट्या अभिमानापासून वाचवतात. एखाद्या घरी पिस्तूल दाखवतात आणि सांगतात, ‘हे पानिपतावर गेले होते.’ पाहावे तो त्याला टोपीची कळ! स्फोटक द्रव्याने बार उडवण्याचा शोध फोर्साइथने लावला आणि त्याचा हक्क घेतला १८०७ मध्ये. पानिपत झाले १७६१ साली. जुन्या चकमकीच्या पिस्तुलाला मागाहून नवी कळ बसवीत, हे खरे. पण तेही तपासूनच म्हणायचे. पूर्वजांचा मान खऱ्या कागदाने कमी होत नाही. खोट्या कथेने मात्र होतो.

आणखी एक गोष्ट ही पाने शिकवतात. शिवणयंत्र आणि घड्याळ विकणाऱ्या त्याच ग्रंथात माणूस मारण्याचे साधनही किमतीसह छापलेले असे, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नसे. अशी लपवण्याजोगी शस्त्रे टपालाने धाडण्यास अमेरिकेने बंदी घातली ती १९२७ मध्ये. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने सूट दिली आहे ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या पुराणवस्तूला. तेव्हा आजोबांच्या पेटीत असे काही सापडले, तर प्रथम कायदा पाहा, मग जाणकाराला दाखवा, आणि कथा सर्वांत शेवटी सांगा.