पंचवीस चौरस मीटरांचे घर



आपल्या समाजातील कितीतरी मुले आज स्थापत्य अभियांत्रिकी शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. शेवटच्या वर्षी त्यांना एक प्रकल्प करावा लागतो. तो बेघरांच्या लहान घराचा असावा, अशी आमची विनंती आहे.

विषय शोधण्यास दूर जावयास नको. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे हंगामाचे पाच-सहा महिने कोपीत काढतात. गावी परतल्यावरही प्रत्येकाला पक्के छप्पर लाभतेच असे नाही. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेने घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, ठरविले; सपाट प्रदेशासाठी साहाय्य १ लक्ष २० हजार रुपये. एवढ्यात चूल, मोरी, धान्याची कणगी आणि निजावयाची जागा बसविणे, हे बंगल्याच्या आराखड्याहून अवघड गणित आहे.

ते केवळ कागदावर सुटणार नाही. धूर कोणीकडून जाईल, शेळी कोठे बांधावी, कुटुंब हंगामास गेल्यावर घर कोण राखील, हे त्या घरच्या माउलीला आधी विचारावे. आणि ज्याला जागाच नाही, त्याला नकाशा काय कामाचा? जागा खरेदीसाठी सरकारी अर्थसाहाय्याची योजना आहे. तिचा अर्ज भरून देणे हाही प्रकल्पाचाच भाग मानावा.

आपण वास्तुशांतीला शेकडो पाने वाढतो. ज्याला वास्तूच नाही, त्याच्यासाठी आपल्या मुलांनी विद्येचा एक वाटा वेगळा काढावा, इतकेच मागून आम्ही आपली रजा घेतो.