औषध तुरुंगाच्या फाटकाबाहेर आले पाहिजे

(खोपट येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज तुरुंग आणि टीबी या विषयावर बोलणार म्हटल्यावर काहीजणींनी विचारले, त्याचा आपल्याशी काय संबंध? ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह खोपटपासून फार लांब नाही. कल्याणला आधारवाडीचे कारागृह आहे. तिथून सुटलेला माणूस आपल्याच वस्तीत, आपल्याच एका खोलीच्या घरात येतो. त्याला जेवू घालते, त्याचा खोकला रात्रभर ऐकते ती बाई. हाच संबंध.

टीबी हवेतून पसरतो. बराकीत दाटीवाटीने माणसे झोपतात, हवा खेळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने तुरुंगातल्या माणसांत टीबीचे प्रमाण बाहेरच्यांपेक्षा सुमारे दहापट आहे. शिवाय जंतू शरीरात गेला की आजार लगेच दिसतोच असे नाही. तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे दबून राहतो. ब्राझीलमधल्या अभ्यासांत सुटकेनंतरही कित्येक वर्षे हा धोका जास्त राहिल्याचे आढळले आहे.

आता मुख्य अडचण सांगते. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे आपल्या देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत. त्यांच्या सुटकेची तारीख आधी ठरलेली नसते. जामिनाचा कागद पोहोचला की माणूस संध्याकाळी बाहेर. चालू असलेल्या गोळ्या आतच राहतात. माझ्या ओळखीच्या एका मावशींचा मुलगा असाच घरी आला. खोकला कमी झाला होता, म्हणून कोणी विचारलेच नाही. टीबीचे साधे उपचारसुद्धा सहा महिन्यांचे असतात. काही आठवड्यांत बरे वाटते आणि माणूस गोळ्या सोडतो. मग जंतू औषधांना दाद देत नाहीत, उपचार लांबतात आणि घरातल्यांनाही धोका होतो.

मग आपण काय करायचे?

घरचा माणूस आत असेल तर मुलाखतीला जाल तेव्हा विचारा: खोकला आहे का? बेडका तपासला का? उपचार चालू असतील तर 'निक्षय' नंबर लिहून घ्या. सरकारी नोंदणीचा हा नंबर असला की दुसऱ्या गावच्या सरकारी केंद्रातही उपचार पुढे चालू ठेवता येतात, तेही मोफत. वकिलालाही सांगून ठेवा, की जामीन झाला तर गोळ्या आणि कागद बरोबर मिळाले पाहिजेत. १९८७ च्या कायद्याने बायकांना आणि कोठडीतल्या माणसांना मोफत वकील मिळतो. कागद नसला तरी घरी बसू नका. महापालिकेच्या दवाखान्यात जा आणि स्पष्ट सांगा, तुरुंगातून आला आहे, गोळ्या चालू होत्या.

फुप्फुसाचा टीबी निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. आजार नसेल तर तो होऊ नये म्हणूनही गोळ्या मिळतात. लहान मुलांना आधी न्या.

खाण्याचेही बघा. झारखंडमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या घरच्यांना जादा धान्य दिल्यावर त्यांच्यात टीबी होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. रुग्णाला पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना एक हजार रुपये मिळतात. ते जरूर घ्या. पण घरात सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले खाते कोण? आपणच ना? मग आपल्या ताटाचेही बघायला हवे.

आणि बाई सुटून आली तर? पुरुषाला घ्यायला आई येते, बायको येते. बाईला पुष्कळदा सासर दार उघडत नाही, माहेर लाजते. तिच्याजवळ पत्ता नाही, फोन नाही, बँकेचे खाते नाही. 'तुरुंगातली' हा शिक्का आधीच बसलेला. त्यात टीबीचा नको म्हणून ती खोकला लपवते. अशा बाईला निरोप पोहोचेल असा पत्ता आपल्या मंडळाचा असू द्या.

प्रशासनाकडे आपली मागणी साधी आहे. आत येताना आणि बाहेर जाताना प्रत्येकाची तपासणी व्हावी, आणि उपचार चालू असतील तर सुटणाऱ्याच्या हातात महिनाभराच्या गोळ्या द्याव्यात. या मागणीचे निवेदन आज इथे ठेवले आहे. सही करा. आणि सुटून आलेल्यांबरोबर दवाखान्यात कोण जाणार, त्या दोन-दोन बायकांची नावे प्रत्येक मंडळाने उठण्यापूर्वी लिहून द्या.