मनाचे आजारपण, औषध आणि पचक्खाण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पर्युषणात सासूबाई रक्तदाबाची गोळी सूर्यास्तापूर्वी आठवणीने घेतात. त्याच घरातील सून नैराश्याची गोळी मात्र पहिल्याच दिवशी बंद करते. एक औषध देहाच्या व्याधीचे आणि दुसरे मनाच्या दुबळेपणाचे, अशी समजूत घरोघरी रुजली आहे. ‘आर्तध्यान सोड, नवकार म्हण’ हा उपदेश प्रेमापोटीच होतो. परंतु ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, स्वाध्यायाला बसले तरी एक ओळ पुढे सरकत नाही, त्याच्या मनावर तो अपराधाचे आणखी एक ओझे ठेवतो. हा असातावेदनीयाचा उदय मानला, तरी ज्वरही त्याच कर्माचा उदय. ज्वरात वैद्याला कोणी नाकारीत नाही.

नैराश्यावरील औषधे १९५० च्या दशकातली. स्वित्झर्लंडमधील रोलंड कून यांनी इमिप्रामीनचा गुण १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. आज बहुधा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन किंवा फ्लुऑक्सेटीन यांपैकी एक दिले जाते. गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवते. नेमके याच टप्प्यावर पुष्कळ रुग्ण थांबतात. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावयाचे असते. त्याचे व्यसन लागत नाही. पण एकाएकी सोडल्यास चक्कर, झिणझिण्या, चिडचिड होते.

व्रताची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. या गोळ्या बहुधा दिवसातून एकदाच, नवकारसीनंतर घेता येतात. कॅप्सूलचे आवरण अनेकदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. त्याऐवजी गोळी मिळेल का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. अठाईचा संकल्प तर आधीच सांगावा. विशेषतः लिथियम घेणाऱ्याने पाणी वर्ज्य केल्यास रक्तातील त्याचे प्रमाण विषारी पातळीपर्यंत चढू शकते. चौविहाराच्या पचक्खाणात ‘सव्वसमाहि’ हा आगार आपण नित्य ऐकतो, पण त्याच्या अर्थाकडे क्वचितच लक्ष जाते. तीव्र व्याधीने समाधी ढळू लागली असता ती राखण्यासाठी घेतलेल्या औषधाने पचक्खाण भंगत नाही, असा त्याचा आशय. आपल्या व्रतात तो कसा लागू होतो, हे गुरुमहाराजांना विचारावे.

सौम्य नैराश्यात समुपदेशन आणि नियमित व्यायामही पुरेसे ठरू शकतात. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली विचारपद्धती बदलण्याची चिकित्सा त्यासाठी प्रसिद्ध आहे. अतितीव्र अवस्थेतील विद्युत उपचारांची धास्ती चित्रपटांनी वाढविली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते भूल दिल्याविना करण्यास मनाई आहे.

रुग्ण जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागला, तर घरच्यांनी आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो मनात पेरला जात नाही. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रीही विनामूल्य मिळते, आणि तेथे मराठीत बोलता येते.