उंबऱ्यावर थांबविलेल्या आशाताई



आज मला माझी एक चूक आपणांपुढे सांगावयाची आहे. दोन वर्षांपूर्वी सून बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली. तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या. "अजून पाचवी व्हायची आहे, कुणाची नजर नको," म्हणून मी त्यांना उंबऱ्यावरच थांबविले. त्या रागावल्या नाहीत. हात धुवावयास पाणी मागून म्हणाल्या, "काकू, नुसते बाळाचे पाय पाहते." पाय थंडगार होते. बाळ दूधही ओढत नव्हते. त्यांनी त्याला आईच्या उघड्या छातीशी धरविले, वरून पांघरूण घातले आणि तसेच दवाखान्यात नेले. आज ते अंगणात धावते आहे.

गडचिरोलीच्या 39 खेड्यांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी 1995 पासून गावच्याच बायकांना ही शुश्रूषा शिकविली. 2011 साली सरकारने तशीच कामगिरी आशांकडे सोपविली. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी त्यांनी घरी यावयाचे असते.

भगिनींनो, आपण सासवा आहोत. बाळंतिणीच्या खोलीचे दार आपल्या हाती असते. ते त्यांच्यासाठी उघडे ठेवू या.